बिरुयाकरांचें कुलीनपण

(दैनिक शास्त्रवाचनावर एक पाठ. आधीं वाचा : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १७, ओव्या १ ते १५.)

खेड्यांतील मंडळ्यांत दैनिक शास्त्रवाचनाची गोष्ट निघाली म्हणजे दोन प्रश्न हमखास पुढें येतात. पहिला असा : "रविवारीं पाळकसाहेब किंवा मास्तर शास्त्र समजावून सांगतातच, मग दिवसभर शेतांत राबून आलेल्या माणसानें रात्रीं दिव्यापाशीं बसून तेंच पुन्हां कशाला वाचावें?" दुसरा प्रश्न जरा हलक्या आवाजांत विचारला जातो : "आणि वाचतां वाचतां आमच्या ध्यानांत एक आलें व मास्तरांनीं सांगितलें दुसरें, तर आम्हीं कोणाचें ऐकावें?" पहिल्या प्रश्नांत कदाचित् थोडा आळस असेल, परंतु दुसऱ्यांत खरी अडचण आहे. कोणी उपदेशक तो ऐकून रागावतात. कोणी, वाद नको, म्हणून टाळतात. आम्हांस वाटतें कीं, दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे, आणि तें पवित्र शास्त्रांतच एका लहानशा गांवाच्या हकीकतींत दिलेलें आहे. त्या गांवाचें नांव बिरुया.

१. आडबाजूचें गांव

इ. स. ५० च्या सुमारास पौल व सीला हे मासेदोनिया प्रांतांत सुवार्ता सांगत फिरत होते. फिलिप्पै येथें त्यांस छड्यांचा मार बसला व तुरुंगवास घडला. तेथून ते थेस्सलनीका या मोठ्या शहरीं आले. तीन शब्बाथ पौलानें तेथील सभास्थानांत शास्त्रावरून संवाद केला. ख्रिस्तानें दुःख सोसणें व मेलेल्यांतून उठणें अगत्याचें होतें, आणि येशू हाच तो ख्रिस्त, हा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. कांहींनीं विश्वास धरिला. परंतु दुसऱ्यांनीं बाजारांतले गुंड जमवून यासोनाच्या घरावर चाल केली. तेव्हां बंधुजनांनीं पौल व सीला यांस रातोरात बिरुयास लावून दिलें.

बिरुया हें थेस्सलनीकेच्या पश्चिमेकडे सुमारें ७० किलोमीटरांवर डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. आजच्या ग्रीस देशांत तें वेरिया या नांवानें नांदत आहे. त्या प्रांतांतून रोमी सरकारचा मोठा हमरस्ता जात असे, पण बिरुया त्याच्या बाजूस पडलें होतें. सिसेरो नांवाच्या रोमी वक्त्यानें पौलाच्या शंभर वर्षें आधीं केलेल्या एका भाषणांतही या गांवाचा उल्लेख आडरस्त्याचें गांव असाच केला आहे. ज्या वाचकांच्या गांवाला पक्की सडक फार उशिरां आली, त्यांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. हमरस्त्यावरच्या शहरांत दंगा झाला. आणि शास्त्र कसें वाचावें याचा धडा सर्व मंडळ्यांना मिळाला तो या आडगांवांतून.

२. लूकानें वापरलेला एक शब्द

बिरुयाकर हे थेस्सलनीकाकरांपेक्षां थोर होते, असें लूक ११ व्या ओवींत लिहितो. आमच्या मराठी भाषांतरांत या ठिकाणीं मनाच्या मोठेपणाचा अर्थ घेतला आहे, आणि तो बरोबरच आहे. परंतु लूकानें वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'युगेनीस' असा आहे, व त्याचा धात्वर्थ 'चांगल्या कुळांत जन्मलेला', म्हणजे आपल्या बोलण्यांतला 'कुलीन'. हा शब्द सगळ्या नव्या करारांत तीनच ठिकाणीं येतो. लूकाच्या १९ व्या अध्यायांत राज्य मिळविण्यास दूरदेशीं गेलेल्या एका उमरावाविषयीं तो येतो. पहिल्या करिंथकरांसच्या पहिल्या अध्यायांत पौल तेथील मंडळीस आठवण देतो कीं, तुम्हांमध्यें कुलीन असे फारसे नव्हतेच. आणि तिसरें ठिकाण हें बिरुयाचें.

उमरावाच्या गोष्टींत कुळ जन्मावरून ठरतें. जगाची रीतच ती. आपल्या गांवांत नवा माणूस आला कीं, त्याचें नांव विचारण्याच्या आधीं आडनांव विचारतात, आडनांवावरून जात ओळखतात, आणि जातीवरून त्यानें कोणत्या विहिरीवर पाणी भरावें व कोणत्या ओट्यावर बसावें हें ठरविणारेही पुष्कळ होऊन गेले. बिरुयाकरांविषयीं मात्र लूक त्यांच्या वाडवडिलांचें नांव घेत नाहीं. त्यांच्यांत कोण धनी व कोण चाकर हेंही तेथें सांगत नाहीं. त्यांनीं वचन कसें ऐकलें एवढेंच तो सांगतो, आणि तेवढ्यावरून त्यांस कुलीन ठरवितो.

वाचकहो, आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ आहेत कीं, ज्यांच्या पूर्वजांस धर्मग्रंथ वाचण्याचाच काय, पण जवळ उभें राहून ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता. पोथी दुसऱ्यानें वाचावी, अर्थ दुसऱ्यानें सांगावा, आणि यांनीं दुरून मान डोलवावी, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. प्रभूनें तो अडसर काढून शास्त्र त्यांच्या हातीं दिलें. आतां तेंच शास्त्र बासनांत बांधून फळीवर ठेवावयाचें, आणि 'मास्तर सांगतील तें खरें' म्हणून स्वस्थ बसावयाचें, तर मिळालेला अधिकार आपण होऊन परत केल्यासारखें होईल. दैनिक वाचनाकडे आम्ही प्रथम या दृष्टीनें पाहतों. देवाच्या घरांतील मुलाचा तो हक्क आहे.

३. आदर आणि पारख

बिरुयाकरांनीं दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोहोंची जोड महत्त्वाची आहे. त्यांनीं मोठ्या उत्सुकतेनें वचन ऐकून घेतलें. आणि पौल सांगतो तें तसेंच आहे कीं काय हें पाहण्यासाठीं ते दररोज शास्त्र शोधीत गेले.

कित्येक माणसें पहिली गोष्ट करतात व दुसरी सोडून देतात. उपदेशक बोलला कीं त्यांच्या डोळ्यांस पाणी येतें, आणि उद्यां दुसऱ्या उपदेशकानें उलट सांगितलें तरी तितकेंच पाणी येतें. त्यांचा विश्वास वक्त्याच्या आवाजावर टेंकलेला असतो. आवाज बदलला कीं विश्वास हलतो. दुसरे कित्येक केवळ पारखच करतात. ते देवळांत चुका मोजावयास बसतात. वचन त्यांच्या कानावरून जातें, पोटांत जात नाहीं. बिरुयाकर या दोहोंत बसत नाहींत. बी पेरावयाचें तर जमीन मऊ पाहिजे, आणि बीही निवडलेलें पाहिजे. बी निवडणारा शेतकरी बियाणें देणाऱ्याचा अपमान करतो, असें कोणी म्हणत नाहीं. हंगामाची किंमत त्याला ठाऊक असते एवढेंच.

'शोधणें' यासाठीं लूकानें जो ग्रीक शब्द घातला आहे, तो न्यायाच्या चौकशीचा शब्द आहे. पिलातानें प्रभु येशूची चौकशी केली तेथें (लूक २३:१४), आणि पेत्र व योहान यांची सभेपुढें चौकशी झाली तेथें (प्रे. कृ. ४:९), तोच शब्द येतो. बिरुयाकरांनीं पौलाचें म्हणणें साक्षीदाराच्या जबानीप्रमाणें पुढें ठेविलें, आणि शास्त्राची साक्ष काढून दोन्हींचा मेळ घातला. पौल हा प्रेषित होता. प्रभूनें स्वतः त्याला दर्शन दिलें होतें. तरी लूक त्या चौकशीस उद्धटपणा म्हणत नाहीं. तिचीच वाखाणणी करतो. मग प्रेषिताचें बोलणें जर शास्त्राशीं ताडून पाहणें योग्य होतें, तर आमचें, आमच्या पाळकांचें, व या पत्रांतील लेखाचें बोलणें ताडून पाहणें किती तरी अधिक योग्य आहे!

४. त्यांनीं शोध कसा केला

आज आपणांस शास्त्र उघडून हवी ती ओवी क्षणांत सांपडते. बिरुयाकरांस ही सोय नव्हती. त्यांचें शास्त्र म्हणजे जुना करार, आणि तो चामड्याच्या किंवा पपायरसच्या लांब गुंडाळ्यांवर हातानें लिहिलेला असे. मृत समुद्राजवळच्या गुहेंत १९४७ सालीं यशयाच्या ग्रंथाची एक प्राचीन गुंडाळी सांपडली. ती सात मीटरांहून अधिक लांब आहे. अशा गुंडाळ्या महाग असत. सामान्य माणसाच्या घरीं त्या नसत, सभास्थानांत ठेवलेल्या असत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकांतली. आणि नव्या करारांतील ओव्यांस आजचे आंकडे रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. म्हणजे बिरुयाकरांस एखादें वचन पाहावयाचें तर गुंडाळी हातांनीं उलगडीत, मागचें पुढचें वाचीत जावें लागे. हें काम एकट्यानें घरीं बसून क्वचितच झालें असेल. एकानें वाचावें, इतरांनीं ऐकावें, कोणी शंका काढावी, पुन्हां वाचावें, असेंच बहुधा तें चाललें असावें.

या अडचणींतून त्यांचा एक फायदा झाला. तुटक ओवी उचलणें त्यांस सोपें नव्हतें. 'ख्रिस्तानें दुःख सोसणें अगत्याचें होतें काय?' हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याचें उत्तर एका ओळींत मिळत नाहीं. यशयाच्या ५३ व्या अध्यायांतील दुःख सोसणारा सेवक, २२ व्या स्तोत्रांतील आक्रोश, वल्हांडणाचा कोंकरा, हें सर्व एकमेकांशेजारीं ठेवावें लागतें. म्हणूनच लूक 'दररोज' म्हणतो. एका बैठकींत उरकणारें तें काम नव्हतें. रोज थोडें पाणी दिल्यानें रोप वाढतें. आठवड्याचें पाणी एकदम ओतल्यानें तें कुजतें.

५. कौल नव्हे, ताईत नव्हे

शास्त्राचा अधिकार मानतों असें म्हणणारे कांहीं लोक तो अधिकार भलत्या रीतीनें चालवितात, म्हणून येथें दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

देवळांत कौल लावण्याची चाल आपणां सर्वांस ठाऊक आहे. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कांहीं ख्रिस्ती घरांत तीच चाल वेश पालटून आली आहे. मुलीचें लग्न जमवावें कीं नाहीं, बैल विकावा कीं ठेवावा, असा प्रश्न पडला कीं डोळे मिटून शास्त्र उघडावयाचें, बोट ठेवावयाचें, आणि बोटाखालीं येईल ती ओवी देवाचा हुकूम मानावयाची. देव आपल्या लेंकरांशीं बोलतो हें खरें. पण तो वचनाच्या अर्थांतून बोलतो, पान कोठें उघडलें यांतून नव्हे. तसेंच आजाऱ्याच्या उशाखालीं शास्त्र ठेविलें म्हणजे बाधा टळते, असें मानणारेही आढळतात. शास्त्र उशाखालीं ठेवण्यापेक्षां आजाऱ्याच्या शेजारीं बसून त्यांतील एखादें स्तोत्र हळू आवाजांत वाचून दाखवावें. त्यानें त्याच्या मनाला खरा धीर येईल.

तुटक ओवी किती घातक होते हें प्रभूच्या परीक्षेवरून दिसतें (मत्तय ४). सैतानानेंही शास्त्रच काढलें. ९१ व्या स्तोत्रांतील वचन पुढें करून त्यानें प्रभूस मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सांगितलें. वचन खरें होतें. त्याचा वापर खोटा होता. प्रभूनें तिन्ही वेळां अनुवादाच्या पुस्तकांतून, सहाव्या व आठव्या अध्यायांतून, उत्तर दिलें. म्हणजे शास्त्राचा दुरुपयोग झाला असतां त्यानें शास्त्र बाजूस सारलें नाहीं. शास्त्रानेंच शास्त्राचा अर्थ लावला. आपणांसही दुसरी वाट नाहीं.

६. एक अवघड प्रसंग

आतां हें सर्व खेड्यांतील एखाद्या घरांत कसें लागू पडतें तें पाहूं. असें समजा कीं, एका मंडळींत परगांवचा एक उपदेशक आला. त्याची वाणी गोड, प्रार्थना जोरकस. त्याच आठवड्यांत एका विधवेचा मुलगा तापानें फणफणला. उपदेशक म्हणतो, "औषध देणें म्हणजे अविश्वास. दवाखान्यांत नेलेंत तर देव हात काढून घेईल." मास्तर घोटाळ्यांत पडले आहेत, आणि ती आई एकदां मुलाकडे व एकदां दाराकडे पाहते आहे. अशा वेळीं अधिकार कोणाचा?

उपदेशकाशीं हुज्जत घालूं नये, आणि त्याच्या आवाजालाही भुलूं नये. शास्त्र उघडावें. त्याच्या म्हणण्याचा आधार त्यालाच विचारावा. तो बहुधा याकोबाचा पांचवा अध्याय दाखवील. तेथें खरोखरच लिहिलें आहे कीं, आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं तेल लावून प्रभूच्या नांवानें प्रार्थना करावी. हें वचन आदरानें वाचावें व पाळावें. पण औषध घेऊं नये असें त्यांत कोठें आहे? नाहीं.

मग पुढें शोधावें. दुसऱ्या राजांच्या विसाव्या अध्यायांत हिज्कीया राजा मरणास टेंकला होता. देवानें त्यास बरें करण्याचें वचन दिलें, पंधरा वर्षें आयुष्य वाढविलें. आणि तरीही यशयानें अंजिरांचा लेप मागवून गळवावर लावविला. देवाचें वचन मिळाल्यावरही लेप लागला, आणि लेपानें देवाच्या वचनाचा अपमान झाला नाहीं. चांगल्या शोमरोन्यानें जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या (लूक १०). पौलानें तीमथ्यास पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास लिहिलें (१ तीमथ्य ५). ज्याच्या लेखणींतून आपणांस बिरुयाची गोष्ट मिळाली, तो लूक स्वतः वैद्य होता, आणि पौल त्यास प्रिय म्हणतो (कलस्सै ४).

कदाचित् तो उपदेशक आसा राजाचें उदाहरण काढील. कारण दुसऱ्या इतिहासाच्या १६ व्या अध्यायांत, आसाच्या पायांस रोग झाला असतां तो वैद्यांकडे वळला, हें दोष म्हणून नमूद आहे. तेंही वचन झांकूं नये, नीट वाचावें. तेथें आसाचा दोष वैद्य बोलावला हा नसून, देवाला शोधलें नाहीं, हा आहे. सर्व वचनें अशीं शेजारींशेजारीं ठेविलीं म्हणजे आईला उत्तर मिळतें : वडिलांस प्रार्थनेला बोलवा, आणि मुलाला ताबडतोब दवाखान्यांत न्या. एकानें दुसऱ्याला बाध येत नाहीं.

येथें ध्यानांत घ्यावें कीं, अशा घटकेस शोध करावयास बसून वेळ मिळत नाहीं. ताप चढलेला असतांना शास्त्र पहिल्यांदा उघडणारा माणूस कोणत्या पानाला हात घालील? जो रोज वाचतो त्याच्या मनांत हिज्कीयाचें अंजीर आधींच ठेवलेलें असतें. पेंव दुष्काळापूर्वीं भरावें लागतें. दैनिक वाचनाची खरी किंमत अशा दिवशीं कळते.

७. शिक्षकबंधूंस दोन शब्द

उपदेशक, शिक्षक व बायबल-स्त्रिया यांनीं वरील ओळी वाचून मनांत भिऊं नये. 'प्रत्येक जण तपासूं लागला तर आमचा मान राहील कसा?' असें वाटणें साहजिक आहे. परंतु पौलाचा मान बिरुयांत कमी झाला काय? त्यानें आपण होऊन गलतीकरांस लिहिलें कीं, आम्ही स्वतः किंवा स्वर्गांतला दूत जरी निराळी सुवार्ता सांगूं लागला, तरी ती मान्य करूं नये. स्वतःला त्यानें वचनाच्या वर ठेविलें नाहीं, खालीं ठेविलें. शिक्षकाचा अधिकार तो हाच. मोजणीदाराच्या हातीं सांखळी असते, पण जमिनीची लांबी तो ठरवीत नाहीं. आहे ती मोजून दाखवितो. ज्याची सांखळी खरी आहे तो फेरमोजणीला भीत नाहीं.

अपुल्लोचें उदाहरण याहून बोलकें आहे (प्रे. कृ. १८:२४–२८). तो आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रांत प्रवीण. तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला व अक्विला या पतिपत्नीनें त्याचें भाषण ऐकलें, त्यांत उणें दिसलें, म्हणून त्यास जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्यांनीं त्याला भरसभेंत टोकलें नाहीं. आणि त्यानेंही 'तुम्ही कामकरी माणसें, मला काय शिकवितां?' असें म्हटल्याचें लूक लिहीत नाहीं. तपासणाऱ्यानें सौम्यता व शिकविणाऱ्यानें नम्रता राखली, आणि त्यामुळें अखया प्रांतांतील मंडळ्यांना पूर्वीपेक्षां बळकट उपदेशक मिळाला. कोणी प्रश्न विचारला तर त्याला देवळाबाहेर चहाला बोलवा. वचन दोघांमध्यें ठेवा. आणि दोघांनींही त्यापुढें मान लववा.

शिक्षकाची गरजच नाहीं असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत एज्रानें नियमशास्त्र वाचलें तेव्हां लेव्यांनीं लोकांस अर्थ समजावून दिला. कूशी षंढ रथांत बसून यशया वाचीत होता, तरी फिलिप्पानें जवळ बसून उलगडा केल्यावांचून त्याला तो कळला नाहीं. एकटा वाचणारा आपल्याच मनाचा गुलाम होऊं शकतो. म्हणून घरीं वाचावें, आणि मंडळींत ताडून पाहावें.

८. ज्यांना वाचतां येत नाहीं

"हें सारें शिकलेल्यांसाठीं, आम्हां अडाण्यांनीं काय करावें?" असें कित्येक आजीबाई व वृद्ध बंधु म्हणतील. त्यांनीं बिरुयाचें सभास्थान पुन्हां डोळ्यांपुढें आणावें. तेथेंही वाचणारा एक व ऐकणारे पुष्कळ होते. तरी शोध करण्याचें श्रेय लूक सर्वांस देतो, आणि विश्वास धरणाऱ्यांत प्रतिष्ठित ग्रीक स्त्रियांचा उल्लेख पुरुषांच्या आधीं करतो. वाचतां येत नसलें तरी कान आहेत, स्मरण आहे, आणि प्रश्न विचारणारें तोंडही आहे. ज्या आजीबाईला शेंकडों ओव्या जात्यावर पाठ येतात, तिला एक स्तोत्र पाठ करणें कठीण नाहीं. शाळेंत जाणाऱ्या नातवाला रोज संध्याकाळीं दहा ओव्या वाचावयास लावा, दोनदां वाचवून घ्या, मग त्यालाच विचारा, "बाळ, यांत देवानें काय केलें? आणि आपण काय करावें?" या दोन प्रश्नांत पुष्कळ शोध येऊन जातो.

९. आपल्या हातीं हें पुस्तक कसें आलें

मराठी माणसाच्या हातीं शास्त्र सुखासुखी आलेलें नाहीं. विल्यम केरी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत छापिलें तें १८०५ सालीं, आणि नवा करार १८११ सालीं. मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनीं नव्या कराराचें भाषांतर १८२६ सालीं काढलें. समग्र शास्त्र मुंबईस १८४७ सालीं निघालें. पुढें पंडिता रमाबाई यांनीं, साध्या बायाबापड्यांस सहज समजेल असें शास्त्र असावें, म्हणून केडगांव येथें इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून एकटीनें समग्र भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, आणि तें शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मुक्ति मिशनच्या छापखान्यांत त्याचे खिळे तेथील स्त्रियांनीं जुळविले. समाजानें टाकलेल्या स्त्रियांनीं अक्षर अक्षर वेंचून ठेवलेलें पुस्तक आपण उघडलेंच नाहीं, तर त्यांच्या श्रमांचें काय झालें?

आणि उघडणाऱ्याचें काय होतें याचा दाखला कवि नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांत आहे. १८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. टिळकांनीं तो चिकित्सक बुद्धीनें वाचावयास घेतला. मत्तयाच्या पांच ते सात या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं ते आले आणि तेथेंच खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. देणारा निघून गेला होता; पुस्तक जवळ राहिलें होतें.

१०. पौल गेला, वचन राहिलें

बिरुयाच्या गोष्टीचा शेवट पुष्कळ जण वाचीत नाहींत. थेस्सलनीकेचे विरोधक तेथेंही येऊन पोंचले, लोकांस चिथावूं लागले, आणि बंधुजनांनीं पौलास समुद्राकडे पोंचविलें. सीला व तीमथ्य थोडे दिवस मागें राहिले, मग तेही गेले. आतां त्या नव्या मंडळीजवळ काय उरलें? प्रेषित नाहीं, वक्ता नाहीं. सभास्थानाचें दार त्यांस उघडें राहिलें कीं नाहीं तेंही लूक सांगत नाहीं. परंतु जें त्यांनीं दररोज शोधून स्वतःचें करून घेतलें होतें, तें कोणी हांकून लावूं शकलें नाहीं. पुढें प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायांत पौल यरुशलेमेकडे निघतो तेव्हां त्याच्या सोबत्यांच्या नांवांत पहिलें नांव येतें तें बिरुयाच्या सोपत्राचें. पौल बिरुयांतून गेला, पण बिरुया पौलाबरोबर चालत राहिलें.

आमच्या खेड्यापाड्यांतही असेंच होतें. आवडते मास्तर बदलून जातात, वृद्ध पाळक प्रभूकडे जातात, कोठें वर्ष वर्ष कोणी नेमलें जात नाहीं. जी मंडळी मास्तरांच्या आवाजावर उभी होती ती त्यांच्या बैलगाडीमागें किंवा मोटारीमागें गेल्यासारखी रिकामी होते. जी रोज वचनावर उभी राहण्यास शिकली, ती एखाद्या ओसरीवर, एका कंदिलाभोंवतीं जमून, आपली वाट चालते. तेव्हां आरंभीं विचारलेल्या दोन प्रश्नांचें उत्तर असें : रोज वाचावें, कारण सांगणारा नेहमीं जवळ राहणार नाहीं, आणि दोन मतें झालीं तर तुम्ही व मास्तर दोघांनींही वचनापुढें बसावें, कारण तें दोघांचाही धनी आहे.

या आठवड्यांत घरोघरीं असें वाचावें : सोमवारीं व मंगळवारीं बिरुयाचा हा अध्याय दोन भागांत, बुधवारीं यशया ५३, गुरुवारीं नहेम्या ८ ची पहिली बारा ओव्यांची हकीकत, शुक्रवारीं मत्तय ४ मधील परीक्षा, शनिवारीं हिज्कीयाच्या दुखण्याची गोष्ट, आणि रविवारीं देवळांत जाण्यापूर्वीं अपुल्लोची. रविवारच्या उपासनेनंतर घरीं जेवणाच्या वेळीं वडील माणसानें दोन प्रश्न विचारावे : आज उपदेशांत काय सांगितलें? आणि तें शास्त्रांत कोठें आहे? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर घरांतल्या लहान मुलानें शोधून काढलें, तर त्या घरांत बिरुयाची कुलीनता आली असें समजावें.